अर्ध्या इंचाची जाळी

लोटलीच्या त्या घरी मला बोलावलं वायरींसाठी.
मीटरपासून माळ्यापर्यंत तिसऱ्यांदा कुरतडलेल्या,
तांबं उघडं, वरचं प्लास्टिक सोललेलं
जसा कुणी ऊस सोलतो निवांत बसून.
"उंदीर," मी म्हणालो.
"चानी," एस्मेराल्डाबाय म्हणाली.
"उंदीर रात्री येतो. त्याला लाज तरी असते.
ही सकाळी सातला येते, चर्चच्या घंटेबरोबर,
आणि माझ्या डोक्यावर बसून नाश्ता करते."

पुस्तकात तिला खार म्हणतात.
माळ्यावर चानीच म्हणावं लागतं.

शिडी लावली. वर एक लांब काळोख,
सरकलेल्या कौलांतून उन्हाची नाणी सांडलेली,
सोलांची रिकामी बरणी, कुणाची तरी व्हायोलिनची पेटी,
आणि सगळीकडे टरफलं, फोडलेल्या आठळ्या,
काथ्याचा भुसा घोट्याएवढा.
भोकं मोजली. अकरा.
दोन बोटं जातात तिथून चानी जाते.
हे तिला कुणी शिकवलं नाही,
मला मात्र शिकावं लागलं.

गावाने इलाज आधीच करून पाहिले होते.
कायतानने मिरचीची धुरी दिली,
दोन दिवस त्याचीच बायको शिंकत होती.
डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर त्या चानीने
एकेक करून पागोळीतून खाली ढकलल्या.
पोदेराने पिंजरा आणून दिला,
त्यात कायतानचं मांजर सापडलं.

मडगावहून जाळी आणली. लोखंडी, अर्ध्या इंचाची.
वासा आणि भिंत यांच्यामधली फट,
आढ्याखालचा कोपरा, रिपेचं कुजलेलं टोक,
खिळे, सिमेंट, परत खिळे.
कौलांवर आंब्याची फांदी टेकली होती.
"तोडू?"
"मानकुरादाला हात लावायचा नाही."
"पण ती त्याच्यावरूनच उतरते, बाय."
"मग तिला सांग दुसरीकडून उतरायला."

तिसऱ्या दिवशी पाचला अकरावं भोक बुजलं.
पैसे घेतले, बोरीचा पूल ओलांडून घरी आलो.
अंगावर पहिला तांब्या ओततोय तोच फोन.
"सगुण, आयक."
आणि तिने फोन छताकडे धरला असावा,
कारण बराच वेळ काहीच नाही,
मग ओलं बोट काचेवर घासावं तसं,
बारीक,
एकाहून जास्त.
"आणि बाहेर ती," बाय म्हणाली,
"कौलांवर धावतेय या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तिच्या ओरडण्याने माझा रोझार चुकतोय."

टॉर्च तोंडात धरून मी माझेच खिळे उपटले.
घरटं व्हायोलिनच्या पेटीमागे होतं:
काथ्या, रजईतला कापूस,
आणि निळ्या पातळ कागदाच्या पट्ट्या, शेवयांसारख्या.
तीन पिल्लं. डोळे मिटलेले,
पाठीवरच्या रेघा मात्र आखून झालेल्या.
एक पट्टी खाली नेऊन दाखवली.
तिचा नवरा तारवटी होता, हे मला तेव्हा कळलं.
तिने चष्मा लावून वाचलं:
"'येत्या मे महिन्यात.'"
मग हसली. "तेवढंच लिहायचा तो, दरवेळी.
बाकीचं तिने फाडलं ते बरंच झालं."

अकरावं भोक उघडं ठेवलं.
वायर लोखंडी पाइपातून नेली. दया वेगळी, करंट वेगळा.
बिलावर अकरा खोडून दहा केले,
तर ती रागावली.
"अकराचेच घे. उघडं ठेवायलाही
शिडी चढलासच ना?"

पिल्लं गेली की बुजवायचं, असं ठरलं होतं.
पाऊस आला, चवथ झाली,
तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.
जाळीचा वीतभर तुकडा
अजून स्कूटरच्या डिकीत आहे.
बोरीच्या पुलावर प्रत्येक जोडाला
खडखडतो.